हेड

हेड हा मूळ इंग्रजी शब्द. डोके, प्रमुख व्यक्ती, वरचे टोक हे त्याचे शब्दकोशातले अर्थ. सांगली आणि सातारा जिल्ह्यांत, विशेषतः कृष्णाकाठच्या बागायती गावांत, तो सर्वांत जास्त ऐकू येतो तो पंपाच्या संदर्भात. इथे हेड म्हणजे मोटरीला पाणी किती उंच चढवायचे आहे त्याचे माप. ते मीटरमध्ये मोजतात, पण दुकानात आणि बांधावर अजून फूटही चालतात. १ मीटर म्हणजे ३.२८ फूट, त्यामुळे एकक न सांगता नुसता आकडा दिला तर तिप्पट चुकीचा पंप गळ्यात पडतो.

हेड म्हणजे पाइपलाइनची लांबी नव्हे. हा गैरसमज फार पसरलेला आहे. सपाट रानातून हजार मीटर पाइप गेला तरी उभी चढण शून्यच असते. मात्र लांबीमुळे घर्षण वाढते, आणि ते हेडमध्ये धरावे लागते. एकूण हेडचे तीन भाग पडतात: पाण्याच्या पातळीपासून पंपापर्यंतची उंची (सक्शन), पंपापासून पाणी पडते तिथपर्यंतची उंची (डिलिव्हरी), आणि पाइप, बेंड, व्हॉल्व्ह यांतले घर्षण. पहिल्या दोन उंच्या पारदर्शक नळीच्या पाणसळीने टप्प्याटप्प्याने मोजता येतात. नदीची पातळी उन्हाळ्यातली धरावी, कारण तेव्हा सक्शन सर्वांत जास्त असते.

उदाहरणार्थ, सक्शन ५ मीटर, डिलिव्हरी २२ मीटर, ११० मिमीचा पीव्हीसी पाइप ६०० मीटर, आणि पाणी हवे सेकंदाला १० लिटर. घर्षण सुमारे ८ मीटर येते, बेंड-व्हॉल्व्हचा आणखी १ मीटर. एकूण हेड ३६ मीटर. लिटर गुणिले मीटर, भागिले ७५ केले की ४.८ अश्वशक्ती (एचपी) मिळते. पंपसेटची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर ८ लागते, म्हणजे बाजारात मिळणारी १० एचपीची मोटर. याच जागी पैसे वाचवायला ७५ मिमीचा पाइप घातला, तर तेवढ्याच पाण्याला घर्षण ५० मीटरच्या घरात जाते. प्रत्यक्षात मग पाणीच कमी पडते आणि दोष मोटरीला लागतो. पाइपात वाचवलेले पैसे पुढे वर्षानुवर्षे वीजबिलात जातात.

पंपाच्या पाटीवर कमाल हेड लिहिलेले असते, पण त्या उंचीला पाणी शून्य असते, म्हणून आपले हेड पाटीवरच्या पल्ल्याच्या मध्याजवळ यावे. कमी हेडचा पंप उंचावर लावला की पाणी आतच घुसळून गरम होते. उलट जास्त हेडचा सेंट्रिफ्युगल पंप कमी उंचीवर लावला की पाणी भरमसाट येते, मोटर जादा अँपिअर ओढते आणि जळते. सक्शन ६-७ मीटरच्या पुढे गेले, तर एचपी कितीही वाढवली तरी उपयोग नाही, कारण पाणी वर ढकलतो तो हवेचा दाब. तिथे पंपच खाली न्यावा लागतो. नदीकाठच्या जॅकवेल (पंप खाली बसवायच्या खोल विहिरी) त्यासाठीच. सक्शन मर्यादेत असूनही मोटर पाणी ओढायचे सोडत असेल, तर आधी फूट व्हॉल्व्ह (सक्शन पाइपच्या तळाची झडप) आणि सक्शनचे जोड पाहावेत, बहुधा तिथेच हवा धरलेली असते.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली वसवलेली किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यातलीच, आणि पंपनिर्मितीसाठी ती देशभर ओळखली जाते. ताकारी, म्हैसाळ आणि कराड तालुक्यातली टेंभू या उपसा योजनांत हेड टप्प्यांत वाटून घेतले आहे. दर १० मीटर उंचीला पाइपवर सुमारे १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब येतो. सगळी चढण एका दमात घेतली तर वीज जाताच उलट येणाऱ्या पाण्याच्या दणक्याने पाइप फुटण्याचा धोका वाढतो. शिवाय वाटेत द्यायचे पाणी विनाकारण माथ्यापर्यंत चढवावे लागेल. कोयनेच्या वीजनिर्मितीत हाच शब्द उलट दिशेने येतो: तिथे पाणी किती खाली पडते ते हेड.

कालव्यावर अर्थ वेगळा. हेड म्हणजे मुखाकडचा भाग, टेल म्हणजे शेवट. ‘आमचं रान टेलला आहे’ म्हटले की पाणी उशिरा आणि कमी मिळते हे कळते. म्हणून आवर्तन (कालव्याच्या पाण्याची पाळी) ‘टेल टू हेड’ द्यावे, ही टेलवाल्यांची रास्त मागणी असते. याशिवाय इंजिनाचे हेड, अंदाजपत्रकातले हेड (लेखाशीर्ष) आणि हेडमास्तर हे वापर इतरत्र आहेत तसेच.