गरम पाण्याचा पंप ‘गेलाय’ असं वाटलं तर काढायच्या आधी हे वाचा

आम्हाला सगळ्यात जास्त फोन येतात ते हेच सांगायला की नळाला गरम पाणी लगेच येत नाहीये, पंप गेलाय, नवीन घेऊन या. आणि आम्ही पोचतो तेव्हा बऱ्याच वेळा पंप काढून बाजूला ठेवलेला असतो, लाइन रिकामी झालेली असते, आणि कोणीतरी त्याला वायर जोडून बाहेरच चालवून बघितलेलं असतं. हे कृपया करू नका, हे पत्रक मुख्यतः तेवढ्यासाठीच लिहिलंय.

आपण बोलतोय तो गरम पाण्याच्या टाकीजवळ रिटर्न लाइनवर, म्हणजे नळांकडून टाकीकडे परत येणाऱ्या पाइपवर, बसवलेला छोटा सर्क्युलेशन पंप, प्रेशर पंप नाही. त्याचं काम एवढंच, की लाइनमधलं गार झालेलं पाणी टाकीकडे परत न्यायचं म्हणजे नळ उघडल्यावर वाट बघावी लागत नाही. शॉवरची धार कमी झाली असेल तर त्याचा या पंपाशी संबंध नाही.

या पंपांना बाहेरून तेल-ग्रीस लागत नाही कारण आतला रोटर पाण्यातच फिरतो आणि ते पाणीच बेअरिंगला वंगण देतं, तेच त्याला थंडही ठेवतं. म्हणजे टेबलावर ठेवून कोरडा चालवला की बेअरिंग घासायला लागतं, आणि फक्त जाम झालेला किंवा चांगला असलेला पंपसुद्धा तिथेच खराब होऊ शकतो. शिवाय पंप काढला की लाइनमध्ये हवा भरते, कोणता व्हॉल्व बंद होता, हवा आधीपासून होती का, हे काहीच कळत नाही आणि अर्ध्या तासाचं काम अर्ध्या दिवसावर जातं. पंप जागेवर असतानाच तपासायचा असतो.

तुम्ही स्वतः काय बघू शकता? आधी टायमर. लाइट जाऊन आली की काही टायमरचं घड्याळ मागे पडतं आणि पंप भलत्याच वेळी चालतो. रिटर्न पाइपवर थर्मोस्टॅट असेल तर पाणी पुरेसं गरम झाल्यावर पंप आपोआप थांबतो, तो बिघाड नाही, तसंच ठेवलंय. मग पंपाच्या दोन्ही बाजूचे बॉल व्हॉल्व बघा, हँडल पाइपच्या रेषेत म्हणजे उघडा, पाइपला आडवं म्हणजे बंद. टाकी साफ केल्यावर एखादा व्हॉल्व बंदच राहतो आणि आम्हाला फोन येतो, हे खूप वेळा होतं.

त्यानंतर नीट ऐका. अगदीच आवाज नाही तर सप्लाय येतोय का बघा. खळखळ, गुळगुळ असा आवाज म्हणजे लाइनमध्ये हवा आहे, अशा वेळी पंप बंद करून सगळ्यात वरचा आणि लांबचा गरम नळ सोडा, धार तुटक न येता सलग यायला लागली की नळ बंद करून पंप चालू करा, वर एअर व्हेंट (हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व) असेल तर त्याचं छोटं टोपण घट्ट आवळलेलं नाही ना तेही बघा. आणि नुसता गुंऽऽ आवाज येतोय पण रिटर्न पाइप गारच, तर बहुतेक रोटर जाम आहे. बरेच दिवस बंद ठेवलेल्या पंपात, खासकरून जड पाणी असेल तर, क्षार बसून हे होतं. असा पंप गुंगत ठेवू नका, वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) तापतं, लगेच बंद करा. मधोमध मोठा स्क्रू असलेल्या पंपात तो काढून आतला शाफ्ट चपट्या स्क्रूड्रायव्हरने हलक्या हाताने फिरवून मोकळा करता येतो पण मेन स्विच बंद, दोन्ही व्हॉल्व बंद, आणि आतलं थोडं गरम पाणी बाहेर येणार हे धरूनच. नवीन इलेक्ट्रॉनिक पंपांना बऱ्याचदा हा स्क्रू नसतो, तिथे उघडाउघड करू नका.

एक गोष्ट पंपाच्या नावावर उगाच जाते. गरम नळाला कोमट पाणी येतंय, पंप व्यवस्थित चालतोय, तर रिटर्न लाइनचा नॉन रिटर्न व्हॉल्व (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) अडकलेला असू शकतो, किंवा एखाद्या मिक्सर नळाचे दोन्ही कॉक उघडे ठेवून पाणी फक्त पुढच्या बटणाने बंद केलेलं असतं आणि गार पाणी त्या मिक्सरमधून गरम लाइनमध्ये घुसत राहतं. तिथे नवीन पंप बसवून काहीही फरक पडणार नाही.

आता आम्हाला नेहमी विचारलं जातं की नुसती हवाच होती तर व्हिजिट चार्ज का. कारण हवा आहे हे शोधायला, आणि ती कुठून येते ते बघायलाच यावं लागतं, आणि चांगला पंप बदलून त्याचं बिल लावणं आम्हाला पटत नाही. दुसरं, ऑनलाइन कास्ट आयर्नचा पंप स्वस्त मिळतो तो का नाही बसवत. तो रूम हीटिंगच्या बंद सर्किटला चालतो, तिथे तेच ते पाणी फिरतं. नळाच्या लाइनमध्ये सतत ताजं पाणी, त्यात ऑक्सिजन, त्यामुळे कास्ट आयर्न गंजतं आणि तो गंज तुमच्या नळातून येतो, म्हणून आम्ही ब्रॉन्झ किंवा स्टेनलेस स्टीलचाच लावतो. शाफ्ट आडवाच आणि दोन्हीकडे व्हॉल्व-युनियन (खोलता येणारा जोड) हाही आमचा हट्ट आहे, पुढच्या वेळी टाकी रिकामी न करता काम होतं.

बिल वाचवायला काही जण पंप महिनोन्‌महिने बंद ठेवतात. छोटा पंप साधारण 25 ते 60 वॉटचा असतो, त्यापेक्षा जास्त उष्णता उघड्या पाइपातून जाते, तेव्हा आधी इन्सुलेशन करून घ्या, ते आम्ही करून देतो. बंद ठेवायचाच असेल तर आठवड्यातून एकदा पाच-दहा मिनिटं चालवा. टाकी 60 अंशाच्या आसपास ठेवा आणि रिटर्न 50 च्या खाली जाऊ देऊ नका, कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेला हे न्यूमोनियासारखा आजार करणारे जिवाणू वाढतात. मात्र इतकं गरम पाणी अंगाला भाजू शकतं, घरात लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील तर मिक्सिंग व्हॉल्व (गरम पाण्यात गार मिसळून तापमान कमी करणारा) लावून घ्या.

फोन करण्याआधी पंपावरच्या प्लेटचा फोटो, दोन्ही व्हॉल्वचा फोटो आणि पंप चालू असतानाचा आवाजासकट छोटा व्हिडिओ पाठवा. बरेचदा त्यावरूनच सांगता येतं, आणि यावंच लागलं तर योग्य पार्ट बरोबर घेऊन येता येतो. पंप तेवढा जागेवर राहू द्या.