जाळी अंगाला चालेल का?

हर्नियाच्या ऑपरेशनसाठी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आलेली माणसं पोटाच्या भिंतीला आधार देणाऱ्या जाळीचं पाकीट हातात घेतात आणि बहुतेक वेळा एकच विचारतात, "बाहेरची वस्तू आहे, शरीर फेकून तर देणार नाही ना?" दुकानात गर्दी असली की याचं पुरतं उत्तर देणं होत नाही, म्हणून हे पत्रक. घरी निवांत वाचा.

आधी जाळी बघा. नमुन्याचा तुकडा आमच्याकडे काउंटरवरच असतो, मागून घ्या आणि उजेडासमोर धरा. आरपार भोकं दिसतील. धागा पॉलिप्रोपिलीनचा. प्लॅस्टिकच्या खुर्च्याही याच जातीच्या प्लॅस्टिकच्या असतात, पण हा वैद्यकीय वापरासाठी शुद्ध केलेला.

किडनी बसवली की आयुष्यभर गोळ्या लागतात, मग जाळीला का नाही? किडनी ही दुसऱ्या माणसाच्या जिवंत पेशींची. त्या पेशींवरची ओळखीची प्रथिनं आपल्या टी-पेशींना, म्हणजे शरीराची राखण करणाऱ्या पांढऱ्या पेशींना, परकी वाटतात आणि त्या हल्ला करतात. प्लॅस्टिकवर असली प्रथिनंच नाहीत, त्यामुळे किडनीसारखं 'रिजेक्शन' जाळीचं होत नाही.

पण शरीर गप्पही बसत नाही. १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना गावी इल्या मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञांनी तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात काटा टोचून ठेवला. सकाळी पाहतात तर काट्याभोवती पेशींचा गराडा! आपल्या पायात बाभळीचा काटा मोडून राहतो तेव्हा आत हेच चाललेलं असतं, आणि जाळीभोवतीही हेच होतं.

जाळी बसताच रक्तातली प्रथिनं काही क्षणांत तिच्यावर थर धरतात. पुढे पेशींची गाठ पडते ती या थराशी. काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावून येतात आणि दोन-तीन दिवसांत ओसरतात. मग येतात मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी. त्या जंतू गिळतात, मेलेल्या पेशी साफ करतात आणि धाग्यालाही गिळायला बघतात. धागा एकटीच्या आवाक्यातला नसतो, म्हणून कित्येक जणी एकमेकींत मिसळून एक राक्षसी पेशी होते. तरीही प्लॅस्टिक पचत नाही. मग मॅक्रोफेजच्याच संदेशांवरून नव्या रक्तवाहिन्या फुटतात, फायब्रोब्लास्ट पेशी येऊन कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे तंतू विणू लागतात. हे तंतू भोकाभोकांतून वाढतात आणि जाळी पोटाच्या भिंतीत मुरते. या कामाला आठवडे, महिने लागतात. जाळी हा मांडव, त्यावर चढणारा वेल तुमच्या शरीराचा. म्हणूनच ज्या प्रतिक्रियेची लोकांना भीती वाटते, तीच आम्हाला हवी असते.

सगळी मदार भोकांवर आहे. जंतू साधारण एक मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), मॅक्रोफेज दहा मायक्रॉनहून मोठी. भोक दहा मायक्रॉनपेक्षा लहान असेल तर जंतू आत लपतो आणि त्याला पकडणारी पेशी बाहेरच राहते. पेशी आणि रक्तवाहिन्या नीट शिरायला भोक ७५ मायक्रॉनहून मोठं लागतं. त्याहूनही मोठं, मिलिमीटरभर, असेल तर शेजारच्या धाग्यांभोवतीचे व्रण एकमेकांना चिकटून कडक पत्रा होण्याचा धोका कमी होतो. हलकी, विरळ जाळी हातात आली की काही जणांना फसवल्यासारखं वाटतं. कृपा करून तसं समजू नका, ती दुय्यम माल नाही.

मात्र हीच प्रतिक्रिया आतड्याशी घडली तर आतडं जाळीला चिकटू शकतं. म्हणून पोटाच्या आत, आतड्यांना लागून बसवायच्या जाळीच्या एका बाजूला लेप असतो आणि तिची किंमत जास्त पडते. चिठ्ठीवर ती लिहिली असेल तर स्वस्तातली साधी जाळी मागू नका. आम्ही देणारही नाही.

सुरुवातीची थोडी सूज आणि कडकपणा या भरून येण्याचाच भाग आहे. पण ताप, वाढती लाली, पाणी किंवा पू दिसला तर थेट डॉक्टरांकडे जा, मग ऑपरेशनला वर्ष उलटलेलं असलं तरी. तंबाखू, बिडी-सिगारेट आणि ताब्यात नसलेली साखर जखम भरू देत नाहीत.

पाकीट फाटलेलं किंवा ओलं वाटलं तर न उघडता परत आणा, बदलून देऊ. आतल्या स्टिकरवर जाळीचं नाव आणि लॉट नंबर असतो. तो स्टिकर केसपेपरवर लावून घ्या आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या तरी मोबाइलमध्ये ठेवा.