बहुविश्व मत आणि अक्षय्यतेचे नियम

मोजमापाचे जे जे निकाल शक्य असतात ते सगळेच घडतात, प्रत्येक निकाल तरंगफलनाच्या (भौतिक व्यवस्थेची पूर्ण अवस्था सांगणाऱ्या गणिती फलनाच्या) वेगळ्या शाखेत, असे मानणारे पुंजयामिकीतील, म्हणजे अणू-कणांच्या भौतिकशास्त्रातील, मत म्हणजे बहुविश्व मत. भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेट यांनी ते १९५७ मध्ये मांडले. ‘अनेक विश्वे’ हा शब्द पुढे भौतिकशास्त्रज्ञ ब्राइस डिविट यांनी रूढ केला. त्यावर हमखास येणारी शंका: अक्षय्यतेच्या नियमानुसार ऊर्जा नव्याने निर्माण होत नाही, मग विश्व दुभंगले, तर दुसऱ्या विश्वाची ऊर्जा आली कुठून?

घोळ ‘विश्वे’ या शब्दाने घातला आहे. कोकणातला सातबारा पाहावा. सामाईक कलमबागेवर दोन भावांची नावे चढली, प्रत्येकी आठ आणे, म्हणून बागेचे क्षेत्र दुप्पट होत नाही. शाखांनाही अशीच आणेवारी असते आणि तिची बेरीज कायम सोळा आणे. एकूण ऊर्जा काढताना प्रत्येक शाखेतली ऊर्जा तिच्या हिश्शाने गुणून मग मिळवायची. एवढे मात्र खरे, की भावांच्या वाट्याला निम्मी कलमे येतात. इथे प्रत्येक शाखेतल्या माणसाला पुरी बाग दिसते, आपला हिस्सा आठ आण्यांचा आहे हे त्याला आतून कळत नाही.

बऱ्याचदा हिश्शांपर्यंत जावेही लागत नाही, कारण प्रत्येक शाखेतला हिशेब आपापल्या जागी जुळतो. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते, आणि नैसर्गिक पोटॅशियमच्या एका ग्रॅममध्ये दर सेकंदाला सुमारे ३१ अणूंचा क्षय होतो. म्हणजे गुहागरच्या किनाऱ्यावर कोयत्याने शहाळे तासून हातात येईतो कित्येक अणू गेलेले असतात. बहुतेक क्षयांत पोटॅशियम-४० चे कॅल्शियम-४० होऊन इलेक्ट्रॉन व प्रतिन्यूट्रिनो (विद्युतभार नसलेला अतिहलका कण) बाहेर पडतात. क्षय झालेल्या शाखेत केंद्रकाचा विद्युतभार २० आणि इलेक्ट्रॉनचा उणे १. न झालेल्या शाखेत सरळ १९. ऊर्जेचा हिशेबही दोन्हीकडे तोच.

अडचण येते ती सुरुवातीची अवस्थाच भिन्न ऊर्जांच्या अध्यारोपणाची (एकाच वेळी अनेक ऊर्जांच्या मिश्रणाची) असली तर. मग एका शाखेत ऊर्जा जास्त मिळते, दुसरीत कमी. तरंगफलन काळानुसार कसे बदलते ते सांगणाऱ्या श्रोडिंगर समीकरणानुसार सरासरी कायम राहते, पण ती सगळ्या शाखा मिळून. एका शाखेपुरती ऊर्जा अक्षय्य राहीलच असे नाही, असे भौतिकशास्त्रज्ञ शॉन कॅरल आणि जॅकी लोडमन यांनी २०२१ मध्ये मांडले. अवस्था ज्या उपकरणाने तयार केली त्याचीही ऊर्जा हिशेबात धरावी, म्हणजे तफावत भरून निघते, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे. मोजमाप होताच तरंगफलन कोलमडते, म्हणजे एकच निकाल उरतो, असे मानणाऱ्या रूढ, एकाच विश्वाच्या मतातही नेमकी हीच तफावत निघते. तिथे तिचा जाब सहसा कोणी विचारत नाही.