काचमण्यांची झिलई: घासण्या-पॉलिशच्या साधनांची पार्श्वभूमी

ज्योतीवर घडवलेला काचेचा मणी जन्मतःच चकाकतो. वितळलेली काच पृष्ठताणामुळे स्वतःच गुळगुळीत होते, तिला कोणी पॉलिश करावे लागत नाही. तरीही मणी घासावा लागतो. सळईवरून काढल्यावर भोकाच्या तोंडाशी टोकदार कड राहिलेली असते, ती पुढे दोरा कापते. कधी पैलू पाडायचे असतात, कधी आतले रंगाचे थर उघडे करायचे असतात. घासल्याबरोबर ती मूळची चकाकी जाते आणि मग ती परत कशी आणायची हा प्रश्न उभा राहतो.

यंत्र निवडताना लोक सहसा मोटारीची ताकद आणि किंमत पाहतात. माझ्या मते त्याआधी यंत्राचे कूळ पाहावे. आज हौशी मणीकाराच्या टेबलावर दिसणारी बहुतेक साधने मण्यांसाठी बनलेलीच नाहीत. कोणते रत्नांना पैलू पाडणाऱ्यांकडून आले, कोणते भिंगे घासणाऱ्यांकडून, तर कोणते खिडक्यांच्या रंगीत काचा जोडणाऱ्यांकडून. त्या त्या कामाच्या गरजा त्या यंत्रात मुरलेल्या आहेत.

सुरुवातीच्या काळात काच हा दगडाचाच एक प्रकार मानून घडवली जात असे. आजच्या इराकमधल्या निमरूद येथे सापडलेले आणि आता ब्रिटिश म्युझियममध्ये असलेले, असीरियाचा राजा दुसरा सारगॉन (इ.स.पू. 722 ते 705) याच्या नावाचे काचपात्र पाहा. ते घासून, कोरून पूर्ण केलेले आहे. आतल्या बाजूला घासण्याचे वळसे अजून दिसतात. हे शक्य झाले ते काठिण्यामुळे. काठिण्य 1 ते 10 असे मोजणाऱ्या मोह्सच्या मापावर काच साधारण 5.5, वाळूतले क्वार्ट्झ 7, कुरुंद 9. म्हणजे साधी वाळू आणि पाणी असले तरी काच झिजते. ग्रीसमधल्या नॅक्सॉस बेटावरचा एमरी, म्हणजे कुरुंदमिश्रित खडक, प्राचीन काळापासून याच कामासाठी प्रसिद्ध होता. घानातल्या क्रोबो लोकांचे काचभुकटीचे मणी साच्यात भाजून निघाल्यावर आजही सपाट दगडावर वाळू-पाण्याने घासले जातात. मोटार नाही, पट्टा नाही, आणि मणी उत्तम होतात.

घासणे हाच सौंदर्याचा भाग कसा होऊ शकतो हे व्हेनिसच्या रोझेटा मण्याइतके दुसरीकडे कुठे स्पष्ट दिसत नाही. 15व्या शतकाच्या अखेरीस मुरानो बेटावर तो प्रथम बनला; त्याचे श्रेय मारिया बरोव्हिएर हिला दिले जाते. साच्यात ताऱ्याचा आकार देत एकावर एक रंगीत थर चढवायचे, नळी ओढायची, तिचे तुकडे करायचे. इथपर्यंत आतली नक्षी फक्त कापलेल्या तोंडावर दिसते. दोन्ही टोके तिरकी घासली की थर बाजूने उघडे पडतात आणि नागमोडी तारे उमटतात. नक्षी भट्टीत तयार होते, पण डोळ्यांना दिसते ती सहाणेवर.

बारीक मण्यांसाठी मात्र एकेक मणी हातात धरणे परवडणारे नव्हते. तिथे व्हेनिसने घासणे टाळून उष्णतेचा आधार घेतला. कापलेल्या नळ्यांची भोके बुजू नयेत म्हणून त्या चुना, कोळसा किंवा वाळूच्या भुकटीत घोळवायच्या, तापवत हलवत राहायचे, म्हणजे कडा गोल होतात. मग पिशव्यांत घालून आधी वाळूबरोबर आणि शेवटी कोंड्याबरोबर हलवायचे. खंभातच्या अकीक कारागिरांचीही जुनी रीत अशीच होती: चामड्याच्या पिशवीत मणी, पाणी आणि कुरुंदाची भुकटी घालून ती दोघांनी आळीपाळीने ओढत लोळवायची. आजचा टम्बलर म्हणजे तीच पिशवी, फक्त मोटारीवर फिरणारी.

आजच्या चेक देशातल्या बोहेमियामधल्या याब्लोनेत्स परिसराने दोन्ही वाटा जोडल्या. पाणचक्क्यांवर फिरणाऱ्या चाकांवर पैलू पाडायचे आणि मग मणी पुन्हा इतकेच तापवायचे की वरचा पातळ थर किंचित वितळून चमक येईल. पैलूंच्या कडा त्यामुळे थोड्या मऊ होतात, पण हाताने पॉलिश करण्याचे कष्ट वाचतात. त्याच प्रदेशातल्या डॅनिएल स्वारोव्हस्कीने उलटी दिशा धरली. कडा तीक्ष्णच राहाव्यात म्हणून त्याने 1892 मध्ये पैलू पाडण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि 1895 मध्ये ऑस्ट्रियाच्या टिरोलमधल्या वाटेन्स गावी, पाण्याच्या शक्तीजवळ, कारखाना काढला. आजही निवड हीच आहे: मऊ कडा चालत असतील तर भट्टी पुरते, तीक्ष्ण हव्या असतील तर चकती लागते.

दरम्यान घासणारा पदार्थच बदलला. 1891 मध्ये एडवर्ड अॅचिसन कृत्रिम हिरा करायच्या प्रयत्नात असताना विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड तयार झाले. कार्बोरंडम नावाने ते आधी रत्नकारांना विकले गेले. 1955 मध्ये जनरल इलेक्ट्रिकने कृत्रिम हिरा जाहीर केला आणि पुढे हिऱ्याच्या कणांचा लेप असलेल्या चकत्या, छोटे बिट (यंत्रात बसवायची घासणारी टोके) सामान्य कारागिराच्या आवाक्यात आले. टणकपणाचा प्रश्न इथे सुटला.

चमकेचा सुटला नाही, कारण तो वेगळा प्रश्न आहे. न्यूटनने ‘ऑप्टिक्स’मध्ये (1704) पॉलिश म्हणजे ओरखडे अधिकाधिक बारीक करत जाणे, असेच मानले होते. 1901 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा निराळे चित्र दिसले. पॉलिश सुरू होताच उंचवट्यांचे माथे पूर्ण गुळगुळीत होतात आणि खड्डे हळूहळू लहान होत जातात. घासताना काचेचे सूक्ष्म टवके उडतात. पॉलिशमध्ये काच जवळजवळ रेणूरेणूने निघते. पुढे पॉलिशसाठी वापरली जाणारी लोखंडाच्या ऑक्साइडची लाल भुकटी मागे पडली आणि भिंगांच्या कामात सिरियम ऑक्साइड रूढ झाले. ते पाण्याच्या साथीने काचेच्या पृष्ठभागाशी रासायनिक क्रियाही करते. म्हणूनच 600 ग्रिटनंतर (ग्रिट म्हणजे कणांच्या बारीकपणाचा आकडा; आकडा मोठा तितके कण बारीक) कितीही बारीक हिरा वापरला तरी जी खोल झळाळी येत नाही, ती नमद्याच्या ओलसर चकतीवरच्या सिरियमने येते. आणि आधीच्या टप्प्याचे ओरखडे राहिले असतील तर सिरियम ते भरून काढत नाही, उलट ठळक दाखवते. 220, 400, 600 ही पायरी चुकवून चालत नाही.

आता यंत्रांचे कूळ. रंगीत काचेच्या खिडक्या जोडणाऱ्यांचा उभ्या दांड्याचा ग्राइंडर सपाट तुकड्याची कड घासण्यासाठी आहे. त्याचा बिट भरड असतो आणि गोल मण्यावर नको तिथे सपाट डाग पाडतो. रत्नकारांची आडवी फिरणारी चकती पैलूंसाठी आणि थर उघडण्यासाठी सर्वांत विश्वासू, कारण ती सपाटपणासाठीच जन्मली. टम्बलर दगडासाठी वाढला. त्यात नुसते मणी घातले तर एकमेकांवर आपटून कडांचे टवके उडतात. प्लास्टिकच्या गोळ्यांसारखे मऊ भरण हवेच. पॉलिशऐवजी समुद्रकाठच्या काचेसारखा धूसर पोत हवा असेल तर मात्र टम्बलर आणि बारीक सिलिकॉन कार्बाइड यांना तोड नाही.

कोणतेही यंत्र घ्या, पाणी हवेच. कोरडी चकती मण्याला एका जागी तापवते आणि तडा जातो. सावकाश थंड न केलेला, आत ताण राहिलेला मणी तर लगेच फुटतो. धूळ हे दुसरे कारण. खंभातच्या अकीक घासणाऱ्यांना सिलिकोसिसने ग्रासले ते स्फटिकी सिलिकाच्या धुळीमुळे. काचेची धूळ त्या जातीची नसली तरी फुप्फुसात जाऊ देण्याजोगी नाही.

ज्योतीवर फक्त गोल मणी करणाऱ्याला मी सुरुवातीला मोठे यंत्र सुचवणार नाही. मणी सळईला चिकटू नये म्हणून लावलेली, भोकात राहिलेली माती काढायला आणि कड मोडायला हिऱ्याचा लेप असलेली निमुळती कानस आणि पाण्याचे भांडे पुरते. टोके आत वळलेली आली तर तेही क्वचित लागते. पैलूंची ओढ लागली की आडवी चकती, आणि तिच्याबरोबर नमद्याची एक वेगळी चकती, जिला हिऱ्याचा किंवा कार्बाइडचा एक कणही लागू द्यायचा नाही.