वस्तूचे मोल आणि तिची नोंद

संग्रहालयातील वस्तूचे ऐतिहासिक महत्त्व कशावरून ठरवायचे, याची पुण्यातील पहिली सवय कागदाची. दप्तरे धुंडाळणाऱ्या वि. का. राजवाडे यांनी खंडेराव मेहेंदळे यांच्यासह १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले, आणि अस्सल पत्रावाचून विधान करायचे नाही ही शिस्त येथे रुजली. त्या शिस्तीत मुकी वस्तू मागे पडणे ओघानेच आले.

तिला स्वतंत्र स्थान मिळाले ते दिनकर केळकर यांच्या संग्रहात. १९२० च्या सुमारास सुरू झालेला हा संग्रह पुढे अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभा राहिला आणि १९७५ मध्ये राज्य शासनाकडे सोपवला गेला. त्यात तलवारींइतकाच मान अडकित्ते, दिवे, दौती आणि वज्र्यांना आहे. पाय घासायच्या पितळी वज्रीवर ना सन असतो ना नाव. तिचा खरखरीत तळ कितपत झिजला आहे आणि वर ओतलेल्या पक्ष्याची घडण कोणत्या वळणाची आहे, एवढाच तिचा पुरावा.

१९७२ च्या पुरावस्तू कायद्याने वयाची अट घातली: सर्वसाधारण वस्तूला किमान १०० वर्षे, हस्तलिखिताला ७५. वयावरून संरक्षण ठरते, महत्त्व नव्हे. महत्त्वासाठी ऑस्ट्रेलियात २००१ साली निकषांची मार्गदर्शिका निघाली. तीत ऐतिहासिक, कलात्मक, संशोधनविषयक आणि सामाजिक मूल्यांच्या जोडीला वस्तूचा पूर्वप्रवास (म्हणजे ती कोणाकोणाच्या हातून आली), दुर्मीळता, स्थिती आणि तिच्यातून काय उलगडून सांगता येते, हेही तपासले जाते.

माझ्या मते यांत पूर्वप्रवास सर्वांत कसाचा. लंडनहून आलेली आणि जुलै २०२४ मध्ये साताऱ्यात मांडलेली वाघनखे पाहा. त्यांच्या पेटीवरील मजकुरानुसार ती इंग्रज अधिकारी ग्रँट डफला साताऱ्याचा रेसिडेंट (कंपनी सरकारचा दरबारातील प्रतिनिधी) असताना, म्हणजे १८१८ नंतर, मिळाली; प्रतापगडचा प्रसंग १६५९ चा. मधल्या सुमारे १६० वर्षांचा दुवा हाती नसल्यामुळे ती शिवाजी महाराजांनीच वापरली याची खात्री देता येत नाही, असे लंडनच्या संग्रहालयाने स्वतःच्या नोंदीत म्हटले आहे.

बुधवारी-रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात विकल्या जाणाऱ्या पितळेची गत याहून वाईट. वाडा कोणाचा, वस्तू माजघरातली की देवघरातली, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते, आणि तिला पेटीवरच्या मजकुराएवढाही आधार उरत नाही.