हिरव्या बबलमागचे निर्णय

अमेरिकेतली शाळकरी मुलं आयफोनच्या मेसेज ॲपवर ग्रुप करतात; त्यात एक जरी अँड्रॉइड फोन आला, तरी आयफोनवाल्यांच्या स्वतःच्या मेसेजचे बबल, म्हणजे मेसेजभोवतीच्या रंगीत चौकटी, निळ्याचे हिरवे होतात. त्यावरून मुलं चिडवली जातात, कधी ग्रुपमधून वगळलीही जातात. पोरखेळ म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण त्यामागे मोठ्यांनी विचारपूर्वक घेतलेले निर्णय आहेत.

हिरवा रंग मुळात कोणाला वेगळं पाडण्यासाठी नव्हता. २००७ च्या पहिल्या आयफोनवरून जाणारा मेसेज साधा एसएमएस असे आणि तो हिरवाच दिसे. ऑक्टोबर २०११ मध्ये आयओएस ५ या आयफोनच्या नव्या प्रणालीसोबत ॲपलने आयमेसेज आणलं. समोरच्याकडेही ॲपलचंच उपकरण असेल तर मेसेज इंटरनेटवरून जाणार, निळा दिसणार. नसेल तर फोन गुपचूप एसएमएसवर येणार. एसएमएस हे १९९२ पासून वापरात असलेलं, १६० अक्षरांच्या मर्यादेचं तंत्र. फोटो-व्हिडिओसाठी त्याच्या जोडीला असलेलं एमएमएस व्हिडिओ इतका दाबून छोटा करतं की चेहरेही ओळखू येत नाहीत. म्हणजे त्रास खराच होता, आणि त्याचं खापर अँड्रॉइडवाल्या मुलावर फुटत गेलं.

जगात इतरत्र हा प्रश्न एवढा पेटला नाही. अनेक देशांत एसएमएसला पैसे मोजावे लागत, म्हणून २००९ मध्ये आलेल्या व्हॉट्सॲपकडे लोक वळले आणि कोणाचा फोन कुठला हे गौण ठरलं. अमेरिकेत मात्र प्लॅनमध्येच अमर्याद मेसेज मिळू लागले होते. फोनसोबत आलेलं ॲप सोडायचं कशाला? पायपर सँडलर या कंपनीच्या किशोरवयीनांच्या पाहणीत २०१२ मध्ये चाळीस टक्क्यांच्या आसपास मुलांकडे आयफोन होता. २०२३ मध्ये ८७ टक्क्यांकडे.

ही दरी बुजवणं ॲपलला अशक्य नव्हतं. एपिक गेम्स या गेम बनवणाऱ्या कंपनीने ॲपलवर भरलेल्या खटल्यात २०२१ साली ॲपलचे अंतर्गत ईमेल बाहेर आले. ॲपलच्या सॉफ्टवेअरची धुरा सांभाळणाऱ्या क्रेग फेडेरिघी यांनी २०१३ मध्ये लिहिलं होतं की, अँड्रॉइडवर आयमेसेज दिलं तर आयफोन वापरणाऱ्या कुटुंबांना मुलांसाठी अँड्रॉइड फोन घेण्यातला अडथळाच दूर होईल. मुलांचा उल्लेख इतका थेट आहे. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते. २०२२ मध्ये एका कार्यक्रमात, आईला पाठवलेले व्हिडिओ नीट दिसत नाहीत अशी तक्रार आली, तेव्हा ॲपलचे त्या वेळचे प्रमुख टिम कुक यांनी आईला आयफोन घेऊन देण्याचा सल्ला दिला.

एसएमएसची जागा घेणारं आरसीएस हे नवं मेसेज-तंत्र तोवर तयार होतं. २००८ पासून जीएसएमए ही मोबाइल कंपन्यांची संघटना त्याचा पाठपुरावा करत होती; पण ऑपरेटरांचं एकमत होईना आणि सगळ्यांसाठी समान नियम ठरायला २०१६ उजाडलं. पुढे गूगलने ते अँड्रॉइडवर रुजवलं. ॲपलने नोव्हेंबर २०२३ मध्ये होकार दिला. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने ॲपलवर मक्तेदारीचा खटला भरला, त्यात अँड्रॉइडवाल्या किशोरवयीनांना सोसाव्या लागणाऱ्या हेटाळणीचाही उल्लेख आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये आयओएस १८ सोबत आरसीएस आयफोनवर आलं. फोटो-व्हिडिओ आता स्पष्ट जातात, समोरचा टाइप करतोय हेही दिसतं. रंग मात्र ॲपलने हिरवाच ठेवला.