चुंबकाला न चिकटणारे ॲल्युमिनिअम चुंबकानेच उडते!

जुन्या टीव्हीत ‘लाल पारा’ असतो आणि त्याला लाखोंचा भाव मिळतो, ही अफवा काही केल्या मरत नाही. अफवेत सांगतात तसा पदार्थ अस्तित्वातच नाही. त्याच्या नादात टीव्ही फोडणाऱ्याच्या वाट्याला येते ते पिक्चर ट्यूबच्या काचेतले शिसे!

टाकून दिलेल्या विजेच्या उपकरणांतला खरा ऐवज तांबे, ॲल्युमिनिअम, लोखंड आणि सोन्यात आहे. १ एप्रिल २०२३ पासून देशात लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार उपकरणे बनवणाऱ्या कंपन्यांना नोंदणीकृत रीसायकलरकडून याच चार धातूंच्या पुनर्प्राप्तीची प्रमाणपत्रे घ्यावी लागतात. २०२५-२६ साठीचे उद्दिष्ट, कंपनीने पूर्वी विकलेल्या आणि आता आयुष्य संपलेल्या मालाच्या ७० टक्के आहे.

पण हे धातू एकमेकांपासून वेगळे होतात कसे? नागपुरात घरोघरी असलेल्या कूलरचेच घ्या. त्याच्या मोटरीत लोखंड असते, तांबे असते, बऱ्याचदा ॲल्युमिनिअमही. कारखान्यात तिचे तुकडे करतात. लोखंड चुंबक ओढून घेतो. उरलेले तुकडे पट्ट्यावरून पुढे सरकतात. पट्ट्याच्या टोकाशी, आतल्या बाजूला, उत्तर-दक्षिण ध्रुव आलटून पालटून बसवलेला रोटर, म्हणजे चुंबकांचा फिरता दंडगोल, मिनिटाला दोन-तीन हजार फेरे घेत असतो. चुंबकीय क्षेत्र सतत बदलले की धातूच्या तुकड्यात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उठतात. हा फॅरेडेचा नियम, शाळेतलाच. या प्रवाहांचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र मूळ बदलाला विरोध करते आणि तुकडा पुढे फेकला जातो. प्लास्टिकमध्ये प्रवाहच उठत नाही, ते तिथेच खाली पडते.

यातली सगळ्यात सुंदर गोष्ट पुढे आहे. तुकडा किती लांब जाईल हे विद्युतवाहकता भागिले घनता या गुणोत्तरावर ठरते. तांबे ॲल्युमिनिअमपेक्षा चांगले वाहक, पण तिपटीहून जड. म्हणून सारख्याच आकाराच्या तुकड्यांत ॲल्युमिनिअमला सुमारे दुप्पट त्वरण मिळते. शिशाचे गुणोत्तर इतके कमी की ते जेमतेम हलते.

बारीक तारेत मात्र प्रवाहाला फिरायला जागाच नसते. त्यामुळे तारा कापून, बारीक करून तांबे आणि प्लास्टिक घनतेवर वेगळे करतात. कबाडीच्या अड्ड्यावर ही यंत्रे नसतात. तिथे तारा जाळतात. तारेवरच्या पीव्हीसी प्लास्टिकमधल्या क्लोरीनपासून डायॉक्सिन ही अतिशय विषारी रसायने तयार होतात, आणि ती अभिक्रिया वेगाने घडवून आणणारा उत्प्रेरक असतो तारेतलेच तांबे. मोटर किंवा वायर विकताना दोन रुपये कमी मिळाले तरी चालतील, पण माल नोंदणीकृत केंद्रावर जाणार का, एवढे कबाडीवाल्याला विचाराच.